आदल्या दिवशीचे सेतुराव

सेतुराव लग्नाला आदल्या दिवशी जातात.

म्हणजे सीमांतपूजनाला नव्हे. मुहूर्त उद्या सकाळी नऊचा असेल, तर हे आज सकाळी नऊला त्या कल्याणमंडपात हजर. आज तिथे दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न चालू असतं. सेतुराव शांतपणे आत जातात, दारात गुलाबपाणी अंगावर शिंपडून घेतात, कुठला पंखा फिरतो आणि कुठला नुसता लटकतो ते बघून ठेवतात, पंगतीत बसतात आणि वाढपी कुठल्या टोकाकडून सुरुवात करतात ते ठरवतात. निघताना यजमान नारळाची पिशवी हातात देतात. ती घेऊन ते नवरानवरीला मनापासून आशीर्वाद देतात. वराकडचे समजतात हे वधूकडचे, वधूकडचे समजतात वराकडचे. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या कितीतरी घरांत लग्नाचा अल्बम बघताना "हे कोण?" असा प्रश्न पडत असेल. ते आमचे सेतुराव.

संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमध्ये निरोप फिरतो. "उद्यां डावीकडल्या दुसऱ्या रांगेंत बसा. पायसम तिकडे गरम येतें." आम्ही तिथे बसतो. पायसम गरम येतं.

खऱ्या लग्नाला मात्र सेतुराव नसतात. "ट्रायल झाली. आतां मी कशाला?"

मी पत्रकं लिहिते. कॉलेजच्या फीविरुद्ध, हॉस्टेलच्या पाण्याविरुद्ध, वसतिगृहात मुलींना संध्याकाळी कोंडून ठेवण्याविरुद्ध. माझ्या पत्रकात एखाद्या माणसाचं नाव आलं तर ते निषेधासाठीच येतं. आभार मानण्याचा मला सराव नाही, त्यामुळे हे लिखाण जरा खडबडीत होणार. होऊ दे. आमच्या बिल्डिंगमधले लोक सेतुरावांना मागून "ट्रायल सार", म्हणजे ट्रायल सर, म्हणतात आणि हसतात, आणि पुढून त्यांच्याकडूनच पासपोर्ट ऑफिसला कुठली रिक्षा घ्यायची ते विचारतात. हा ढोंगीपणा आहे. कुणीतरी एकदा लिहायला हवं होतं.

सेतुराव रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात होते. नवा डबा तयार झाला की तो लगेच माणसांना देत नाहीत. बाकांवर माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवतात आणि डबा पळवून बघतात. वळणं घेतात, मध्येच ब्रेक दाबतात. पोती जागेवर राहिली तर मग माणसं. सेतुरावांची सगळी नोकरी अशा पोत्यांबरोबर प्रवास करण्यात गेली. पोत्यांविषयी ते फार आदराने बोलतात.

"पोतें तक्रार करत नाहीं. खिडकी मागत नाहीं, काफी मागत नाहीं. आणि ट्रायल संपली कीं त्याला उतरवतात. पोतें कधीं गांवाला जात नाहीं, रेवाबाई."

रेवाबाई म्हणजे मी. तेव्हा मी शाळेत होते, दोन वेण्या घालत होते, आणि मला कुणीही बाई म्हणत नव्हतं. पण सेतुराव तंजावरचे. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेले ते गेलेच. त्यांच्या घरात पोरीबाळींनाही बाई म्हणतात. त्यांची मराठी म्हणजे एखादी जुनी पोथी उठून तमिळ चालीवर चालायला लागल्यासारखी. आम्ही नाशिकहून आलेलो, बाबांची नोकरी मोटारगाड्यांच्या कारखान्यात. पहिल्या दिवशी मी त्यांना अंकल म्हणाले. "अंकल रस्त्यावर पुष्कळ भेटतात," ते म्हणाले, "मराठींत काका म्हणणारें कोणी उरलें नाहीं ह्या रस्त्यावर." तेव्हापासून सेतुकाका.

आमचं सामान यायच्या आदल्या दिवशी त्यांनी काय केलं होतं, ते आम्हाला नंतर कळलं. घरमालकाकडून आमच्या कपाटाचं माप मागवलं, फ्रिजचे रिकामे पुठ्ठे जोडून तेवढं कपाट केलं आणि हमालाला घेऊन जिन्यातून वर नेऊन पाहिलं. पुठ्ठ्याचं कपाट वळणावर अडकलं. म्हणून आमचं खरं कपाट दुसऱ्या दिवशी दोरखंडाने गॅलरीतून वर चढलं. खाली आई डोळे मिटून उभी आणि शेजारी काका तिला समजावतायत, "घाबरूं नका. काल पोतें बांधून दोर पाह्यलों."

कमलाकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, मी पाहिलं नाही. आम्ही येण्याच्या आधी, एका सकाळी त्या भाजी आणायला म्हणून गेल्या आणि हॉस्पिटलातूनच गेल्या. बिल्डिंगमधले सांगतात, काका लग्नांना आदल्या दिवशी जायला लागले ते त्यानंतर. त्याआधी ट्रायल फक्त कारखान्यात असायची. काका स्वतः या विषयावर एकच वाक्य बोलतात. "तिची ट्रायल झाली नव्हती." मग विषय बदलतात, बहुधा पाण्याच्या मोटारीकडे.

आता माझ्या बारावीबद्दल. इथे तिला प्लस टू म्हणतात आणि ती घरातल्या सगळ्यांनी मिळून भोगायची असते. आमच्या शाळेत अकरावीचा अभ्यास गुंडाळून बारावीचा आधीच सुरू केला होता. सकाळी उजाडायच्या सुमाराला स्पेशल क्लास, संध्याकाळी परत स्पेशल क्लास. शाळेच्या फाटकावर गेल्या वर्षी पहिल्या आलेल्यांचे फोटो, लग्नाच्या फ्लेक्सएवढे. दर टेस्टनंतर वर्गात बसायच्या जागा मार्कांप्रमाणे बदलत. कमी मार्कांची मुलं मागे, पंखा नसलेल्या कोपऱ्यात. चेन्नईत पंखा नसलेला कोपरा म्हणजे शिक्षाच, दुसरा शब्द नाही. माझी मैत्रीण तिथे बसून घेरी येऊन पडली, तेव्हा मी माझं पहिलं पत्रक लिहिलं.

ते पत्रक मी आधी सेतुकाकांना दाखवलं, कारण तमिळमधल्या चुका तपासून हव्या होत्या. त्यांनी चुका तपासल्या नाहीत. कागद घडी करून खिशात घातला आणि मला मांबलम स्टेशनच्या जिन्यावर घेऊन गेले. संध्याकाळची गर्दी उतरत होती.

"आतां हें वाचत उतर."

मी वाचत उतरले. खाली पोचले तेव्हा पहिलं वाक्यसुद्धा संपलं नव्हतं. त्यात भांडवलशाही आली होती, पंखा अजून यायचा होता.

"लोक जिन्यांतच वाचतात," काका म्हणाले. "खाली उतरलें कीं फेकतात. पंखा पहिल्या पायरीवर ठेव."

मी पंखा पहिल्या पायरीवर ठेवला. आजसुद्धा प्रत्येक पत्रक छापायला देण्याआधी मी ते जिना उतरत वाचते. आमच्या विद्यार्थी संघटनेतले हसतात. मग त्यांची पत्रकं रस्त्यावर पडलेली दिसतात.

पत्रकाचा परिणाम असा झाला की त्या कोपऱ्यात पंखा बसला आणि बाबांना शाळेत बोलावणं आलं. हेडमिस्ट्रेसबाईंच्या खोलीत काय झालं ते पुढे येईलच. घरी आल्यावर बाबा इतकंच म्हणाले, "आता हे सगळं बंद. मार्क काढ, कटऑफ आण, इथलंच चांगलं इंजिनिअरिंग कॉलेज मिळव. घरून ये-जा कर." मला इंजिनिअर व्हायचं नव्हतं. त्या खोलीतून बाहेर पडतानाच माझं ठरलं होतं, कायदा शिकायचा. पण बाबांपुढे तोंड उघडायची माझी टाप नव्हती. हेडमिस्ट्रेसपुढे होती. बाबांपुढे नव्हती. आणि त्यांच्या सहीशिवाय, पैशांशिवाय आणि मुख्य म्हणजे त्यांच्या हो-शिवाय काही होण्यासारखं नव्हतं.

आधी परीक्षा आली. आमचं सेंटर सैदापेटच्या पलीकडे एका शाळेत पडलं होतं. आदल्या दिवशी काका मला घेऊन निघाले, नेमक्या उद्याच्या वेळेला, उद्याच्याच बसने. मला कंपास बॉक्ससुद्धा घ्यायला लावला. "चुम्मा जाऊं नये," म्हणजे उगीच रिकाम्या हाताने जाऊ नये. फाटकावरच्या वॉचमनला त्यांनी माझी ओळख करून दिली, "ही उद्यां येणार." वॉचमन म्हणाला, "उद्या पुष्कळजणी येणार आहेत, सार." "हो. पण ही काल येऊन गेलेली असेल."

मला परत पाठवून ते स्वतः समोरच्या बसस्टॉपवर बसून राहिले. पूर्ण पेपरभर. आईने त्यांच्यासाठी दिलेला ताकाचा डबा घेऊन. दुपारी घरी येऊन त्यांनी अहवाल दिला. "पेपर निम्मा झाला कीं शेजारच्या देवळांत विजेचा नगारा सुरू होतो. फार मोठा. छाती धडधडते. घाबरूं नको. तेवढ्यांत पाणी पी, पान उलट, तो थांबतो."

दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. निम्म्यावर आले आणि तो यंत्राचा नगारा आणि यंत्राची घंटा एकदम सुरू झाली. आख्खा हॉल दचकला. पुढच्या मुलीच्या हातून स्केल पडली. मी पाणी प्यायले आणि पान उलटलं. कोचिंगवाल्यांनी भरमसाट पैसे घेऊन मला जे शिकवलं, त्यातलं फारसं काही आठवत नाही. नगारा आठवतो.

परीक्षा संपली आणि खरा पेपर शिल्लक राहिला, बाबांचा. काकांना मी सांगितलं तेव्हा ते विचारात पडले. "ह्याची ट्रायल घ्यावी लागेल. तुझ्या बापाच्या जागीं पोतें लागेल."

पोतं ते स्वतः झाले.

त्याच्या आदल्या दिवशी, अर्थातच, त्या ट्रायलची ट्रायल झाली. त्यांनी मला त्यांच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं, दार सताड उघडं ठेवलं, "नेहमीच्या आवाजांत काहीतरी बोल" म्हणाले आणि स्वतः जिन्यात जाऊन उभे राहिले. मी आवर्त सारणी म्हटली. काका वर येऊन म्हणाले, "सरि. ठीक अहे." मला वाटलं, म्हातारा बिचारा, पंख्याचा आवाज तपासत असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रायल. काका खुर्चीत रेलले, चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल नाकाजवळ धरला. बाबा हुबेहूब असेच बसतात. मला हसू आलं.

"हसूं नको. बोल."

"बाबा, शिक्षणाच्या बाजारीकरणाच्या विरोधात आज जी पिढी..."

"थांब. बाजार तुझ्या बापाने मांडला?"

"नाही."

"मग त्याला कां ऐकवतेस? पोस्टर भिंतीला चिकटवतात. बाप भिंत नव्हे. परत बोल."

"बाबा, मला लॉ करायचंय."

"स्कोप काय?"

हे तर बाबांचंच वाक्य. माझं डोकं फिरलं. "तुम्ही प्रत्येक गोष्टीत स्कोपच विचारता."

"तूं प्रत्येक गोष्टीचा निषेधच करतेस. परत."

"इंजिनिअरिंगच्या सीटा रिकाम्या पडतायत, तरी तुम्हाला..."

"तें पेपरांत अहे. मी वाचलों. तुझें काय तें सांग." काकांनी मोबाइल खाली ठेवला. "कायद्याचें कॉलेज लांब मिळेल. मदुरै, तिरुच्ची, कुठेंही. मी तुला एकटी कां म्हणून पाठवूं?"

आता मात्र माझ्याकडे छापलेलं काही उरलं नव्हतं.

"त्या दिवशी हेडमिस्ट्रेसच्या खोलीत तुम्ही उभे होतात," मी म्हणाले. "त्यांनी तुम्हाला बसा म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, मुलीचं हॉल तिकीट अडवू, आणि तुम्ही म्हणालात, सॉरी मॅडम. दोनदा म्हणालात. कारखान्यात तुमच्या एका आवाजावर लाइन थांबते, असं तुम्हीच सांगता. तुमचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. त्यांना हॉल तिकीट अडवता येतं की नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं. मला पण नव्हतं. त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं, आणि त्या सांगत नव्हत्या. मला ते माहीत असायला हवंय, बाबा. परत कुणी तुम्हाला उभं ठेवलं तर मला बोलता यायला हवं. एवढंच आहे. स्कोप मला माहीत नाही."

या वेळी काका "परत" म्हणाले नाहीत. ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होते.

दारात बाबा उभे होते. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात रिकामा डबा. कंपनीची बस रोज याच सुमाराला त्यांना कोपऱ्यावर सोडते, आणि आमच्या मजल्यावर यायला काकांच्या दारावरूनच यावं लागतं.

मग बाबांनी काकांकडे पाहिलं. काकांचा चष्मा अजून कपाळावर होता.

"मी असा बसतो?"

"किंचित जास्त रेलून," काका म्हणाले.

"आणि स्कोप इतक्यांदा म्हणतो?"

"मी कमी केलों. ट्रायल होती."

बाबा आत आले, माझ्या शेजारी बसले. डबा मांडीवर धरून थोडा वेळ त्याचं झाकण दाबत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोनदा नाही. एकदाच म्हणालो होतो सॉरी." आणि थोड्या वेळाने, "फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे?"

जिन्यातून आवाज का तपासला होता, हे माझ्या डोक्यात दोन दिवसांनी आलं. मी धावत जाऊन काकांना जाब विचारला. ते पाण्याच्या मोटारीबद्दल बोलू लागले.

मला मदुरै मिळालं. आईने पेढे वाटले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. काकांना ते कळलं. "आईची ट्रायल राह्यली," ते म्हणाले. एका रविवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी त्यांच्या घरात राहायचं, आईने भेटायचं नाही, फोन करायचा नाही, असं ठरलं. मदुरै म्हणजे तिसरा मजला. आई अर्ध्या तासात कढीपत्ता मागायला आली. मग मीठ मागायला. मग काल आम्हीच त्यांना दिलेला पेपर परत मागायला. काका दार अडवून उभे. "ती मदुरैंत अहे." आई म्हणाली, "मदुरैत जेवली का, तेवढं विचारा." दुपारी काकांनी निकाल लावला. "आई नापास. परत घ्यावी लागेल." पुढच्या रविवारी आई एकदाच आली. काकांनी तिला काठावर पास केलं.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं एग्मोर स्टेशनला गेलो. मदुरैची गाडी दुपारची. माझ्या दोन्ही बॅगा बरोबर, पूर्ण भरलेल्या, कारण रिकाम्या बॅगेची ट्रायल काय कामाची. काकांनी प्लॅटफॉर्म तिकिटं काढली, माझा डबा नेमका कुठे थांबतो ते कॉफीच्या स्टॉलवरून मोजून ठेवलं, आणि गाडी लागली तशी खिडकीशी जाऊन उभे राहिले. माझ्या जागेवर आज एक धिप्पाड मामी बसल्या होत्या, मांडीवर चिंचभाताचा डबा.

"उद्यां ही इथें बसणार," काकांनी त्यांना तमिळमध्ये सांगितलं.

मामींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग आज काय करतेय?"

"आज तुम्ही बसा," काका म्हणाले, "आम्ही पाहतों."

मामी सरकून नीट बसल्या, जणू काही जबाबदारी अंगावर आली. खिडकीचं दार वरखाली करून दाखवलं. म्हणाल्या, ऊन या बाजूने येतं, पोरीला सांगा दुपट्टा बाहेर ठेव.

गाडी सुटली. काकांनी हात वर केला आणि हलवायला लागले. मामींनाही वाटलं, आपल्यालाच. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि जोरजोरात हलवला. मग मीही हलवला. शेवटचा डबा सिग्नलच्या पुढे जाईपर्यंत ती अनोळखी बाई आणि आम्ही दोघं एकमेकांना निरोप देत होतो. काकांचा हात सर्वांत शेवटी खाली आला. डोळ्यांत प्लॅटफॉर्मची धूळ गेली होती बहुतेक. मी विचारलं नाही.

स्टॉलवर आम्ही कॉफी घेतली. दोन. काका फुंकर मारत म्हणाले, "उद्यां मी येणार नाहीं, रेवाबाई. आई-बाप येतील. ट्रायल संपली कीं पोतें उतरवतात."

"काका, तुम्ही पोतं नाही."

"ट्रायलमध्यें एक बरें असतें," ते माझं न ऐकता म्हणाले. "गाडी जाते, आणि दोघें परत घरीं येतात."

मग आम्ही लोकलने मांबलमला परत आलो. एक बॅग त्यांनी धरली, एक मी.

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले नाहीत. मी जिना उतरताना त्यांचं दार बंद होतं आणि आत रेडिओ नेहमीपेक्षा मोठ्याने चालू होता. गाडीत दुपट्टा बाहेर ठेवला होता. ऊन त्याच बाजूने आलं.

दीपावलीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा घरी आले. आईला फोनवर म्हटलं होतं, स्टेशनवर कुणी येऊ नका, सामान हलकं आहे, लोकलने येईन. गाडी दुपारी एग्मोरला लागली. मी दारात उभी होते. डबा थांबला आणि दाराच्या अगदी समोर, एक हातही इकडेतिकडे नाही, सेतुकाका उभे होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात छत्री.

"काका, तुम्ही? आज खरा दिवस आहे."

"हो कीं?" ते म्हणाले आणि माझी बॅग घेतली. वजन करून पाहिल्यासारखी हातात तोलली. "बारीक झालीस. बॅग नव्हे, तूं."

"पण माझा डबा इथेच थांबणार, हे कसं कळलं? आपण जाणाऱ्या गाडीची ट्रायल घेतली होती. येणाऱ्या गाडीची नव्हती घेतली."

त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बिल्डिंगच्या पाण्याच्या मोटारीत हल्ली पुन्हा काहीतरी बिघाड आहे, असं सांगायला लागले.

बोलत बोलत आम्ही कॉफीच्या स्टॉलपाशी आलो. स्टॉलवाल्याने काकांना लांबून पाहिलं होतं. त्याने काही न विचारता एक कॉफी ओतून काउंटरवर ठेवली, साखर कमी, काकांना लागते तशी. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं, माझ्या बॅगेकडे गेलं, आणि त्याचा हात कॉफीच्या डब्यावरच थांबला.

"काय सार," त्याने तमिळमध्ये विचारलं, "आज ट्रायल नाही?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाहीं," ते म्हणाले. "दोन काफी दे."